भात निवला

“नाथाऽऽ... ये रे बालाऽऽ... भात निवलाऽऽ...”

कलावतीची हाक अशी तीन तुकड्यांची होती. पहिला तुकडा काठावर फुटायचा, दुसरा पाण्यावरून घरंगळत जायचा आणि तिसरा पलीकडच्या तिवरांत जाऊन अडकायचा. डोंबिवलीच्या रेतीबंदरापुढं खाडीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडं जायचं तर नाथाची होडी होती. दिवसभर दोन्ही काठांवरून त्याला हाका येत. कुणी ‘होडीवालेऽ’ म्हणे, कुणी ‘नाथाभाऊ, थांबा’ म्हणे, कुणी नुसती शिट्टी घाली. पण आईच्या हाकेला होडीचं नाक आपसूक वळायचं, मग आत बसलेल्या उतारूंना कितीही घाई असो.

गंमत अशी की भात कधीच निवलेला नसायचा. नुकता चुलीवरून उतरून वाफा टाकत असायचा. “खरं सांगितलं की पोरगा सावकाश येतो,” कलावती म्हणायची.

ती हाक बंद होऊन जमाना झाला. कलावती गेली. पूल आला, होडी गेली. चाळीतली घरं पाडून इमारत उठली आणि नाथाचं कुटुंब चौथ्या मजल्यावर राहायला गेलं. पण गेले काही दिवस ती हाक शेवंतीच्या कानात पुन्हा उभी राहत होती. शेवंती म्हणजे कलावतीची सून, नाथाची बायको. नवऱ्यापुढं ताट ठेवलं, त्यानं ते हातानं हळूच मागं सारलं, की ती हाक उठायची.

नाथानं जेवण सोडलं होतं.

आधी त्याच्या आठवणीतून माणसं सुटली, एकेक करून. शेजारचा धोंडीबा सुटला, मग सून हेमाली, मग पोटचा पोरगा जयेश. जयेशला तो ‘शेट’ म्हणू लागला. शेवटी शेवंती सुटली. तिच्याकडं तो अनोळखी घरात पाणी मागताना पाहावं तसं पाहायचा, अदबीनं. तेही तिनं सोसलं. पण मग भूक सुटली. ताट आलं की तो खिडकीकडं तोंड करी. खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची, आता समोरच्या टॉवरचे एसी दिसत. तिकडं बघत तो एकच वाक्य म्हणे:

“अजून हाक नाय आयली.”

जयेशला वाटलं, बाबांना उतारूंची हाक हवी. त्यानं फोनवर खाडीच्या लाटांचा आवाज लावून ‘होडीवालेऽ’ अशी हाक घालून पाहिली. हेमालीनं भरवून पाहिलं, खिमट केलं, मिल्कशेक केले. नाथा ओठ मिटून बसे. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गिळता येतंय, गिळत नाहीत. सोमवारी घेऊन या, नाकातून नळी घालू. मग जयेशला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की असे पेशंट नळी उपसून काढतात, तेव्हा हात बांधावे लागतील.

जयेशनं घरी येऊन आईला ते सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, “आई, बाबांना पाण्यावर नेऊ. एकदा बघू देत. काय सांगावं, जेवले तर जेवले.”

“पान्यावर कसा नेशील? वाट हाय कुठं?”

ते खरंच होतं. होडी लागायची त्या काठावर आता मोठं हॉटेल झालं होतं. पाण्यात खांब ठोकून पार आतपर्यंत लाकडी डेक काढलेला, वर कनाती, दिव्यांच्या माळा. दोन्ही अंगांना भिंत. ज्या काठावर गावच्या बायांनी जाळी वाळवली, पोरांनी चिखलात उड्या मारणारी मासळी, निवट्या, धरल्या, त्या काठावर पाय ठेवायचा तर आधी टेबल बुक करावं लागे.

“म्हणून टेबल बुक केलंय,” जयेश म्हणाला. “संध्याकाळचं. बाबांच्या नावानं.”

शेवंती उठली. आत गेली आणि निवट्या साफ करायला बसली. नाथाला निवट्यांचं आंबट कालवण लागायचं, कोकम चढवून. नसला खात तर नसला, पण बाईनं हात रिकामे ठेवून करायचं काय?

*

गेटावर शिपायानं पिशवी उघडायला लावली.

“आजी, बाहेरचं खाणं अलाऊड नाय.”

“खानं नाय ता. औषध हाय.”

त्यानं डब्याशी नाक नेलं. “औषधाला कोकमाचा वास येतोय.”

“मंग कोकमाचंच औषध. तुला झाला का पित्त, तू पन ये.”

शिपाई हसला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नाथाकडं त्यानं एकवार पाहिलं आणि पिशवीची चेन स्वतःच लावून दिली.

आत गवती चहाच्या वासाचा धूर सोडला होता, खाडीचा वास झाकायला. मोठाले पंखे पाण्याचा बारीक फवारा मारत होते, की उघड्यावर बसून कुणाला घाम येऊ नये. दाराशी एक होडी उभी करून ठेवली होती, तिच्यात बर्फ आणि बर्फावर मासे मांडलेले. शेवंती थांबून बघायला लागली.

“आपल्या इकडची नाय ही,” ती हेमालीला म्हणाली. “हिचा नाक बघ कसा वर गेलाय. नवऱ्यावर रुसल्यासारखा.”

“केरळवरून आणली असेल, आई. डेकोरेशनला.”

“हा. तेच म्हनते, हिला चिखल ठाव नाय.”

उंच टेबलामागं एक मुलगी उभी होती, काळा ब्लेझर, छातीवर ‘रुपाली’ अशी पट्टी. समोर गर्दी होती. तिनं पडद्यावर बोट फिरवलं, मान वर केली आणि गर्दीच्या डोक्यांवरून ऐकू जावं म्हणून आवाज जरा उंचावून म्हणाली:

“नाथा? नाथा, चार जण?”

आणि नाथा खुर्चीतून उठला.

कुणीही हात न देता उठला. पाठ ताठ झाली, मान पाण्याकडून आवाजाकडं वळली, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की जयेशनं हेमालीचं मनगट धरलं. ओठ हलले. “आयलो,” तो म्हणाला. दोन पावलं गेला. मग ब्लेझर दिसला, केसांचा अंबाडा दिसला, लाल ओठ दिसले. तो थबकला. रात्री फुललेलं कुमुदाचं फूल उन्हात मिटावं तसा तो चेहरा सगळ्यांच्या देखत मिटला.

“बाबा, बसा,” जयेशनं खुर्ची पुढं केली.

“अजून नाय आयली,” नाथा म्हणाला आणि बसला.

शेवंतीनं हे सगळं पाहिलं. तिला अंदाज होता, आता खात्री झाली. नाथा उतारूंच्या हाकेसाठी थांबलाच नव्हता. त्याला बाईचा आवाज हवा होता, पाण्याच्या काठावरचा, त्याच्या नावाचा. आणि ते नाव शेवंतीनं आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं.

*

आपण सांगताना सहज नाथा नाथा म्हणतोय. तिला ते कधीच सहज नव्हतं.

तिचं माहेर शहाडचं. पाणी तेच उल्हास नदीचं, फक्त वरच्या अंगाला. तिथं तिच्या आजीनं तिला लहानपणीच एक गोष्ट सांगून ठेवली होती. पाणी वाहतं, पण बहिरं नसतं. बायकोच्या तोंडून नवऱ्याचं नाव त्यानं एकदा ऐकलं की ते नाव पाठ करतं. मग एक दिवस पाणीच बायकोच्या आवाजात हाक घालतं आणि गडी ओ देतो. आजीचा नवरा तसाच गेला, असं आजी सांगे. खरं की खोटं कोण जाणे, पण ते सांगताना आजी वाऱ्याकडं पाठ करून बसायची, एवढं शेवंतीला आठवत होतं.

लग्नात हळदीच्या बायांनी तिला घेरलं. नाव घे, नाव घे. एकीनं तर उखाणा जुळवूनही दिला. शेवंतीनं तोंड उघडलं आणि नुसतीच रडायला लागली, कारण मांडवाच्या मागं भरती चढत होती आणि तिला पाण्याचा आवाज येत होता. बाया हसल्या. शहाडची नवरी मुकी आहे म्हणाल्या. तेव्हा कलावती बायांच्या मधून वाट काढत आली आणि सुनेची हनुवटी धरून म्हणाली:

“नको घेऊस. बायकोच्या हाकंला पानी कान देतं, आयच्या हाकंला भितं. नाव मी घीन. हाक माझी, ताट तुझा.”

आणि तिथंच हातवारे करत गाऊन टाकलं तिनं, ढोलाच्या ठेक्यावर:

*सुनंच्या गो हाती ताट, सासूच्या गो तोंडी हाक,*
*दोघींच्या गो मधोमध जेवतो माझा नाथा लेक.*

तसंच चाललं पुढं वर्षानुवर्षं. दुपारी शेवंती भात उतरवी, कलावती काठावरच्या दगडावर उभी राहून हाक घाली, होडी वळे. नाथानंही कधी शेवंतीचं नाव घेतलं नाही. तेव्हाचे गडी आईसमोर बायकोचं नाव घ्यायला लाजत, आणि पुढं लाज गेली तरी सवय राहिली. तो ‘अगो’ म्हणे, ही ‘अवो’ म्हणे. घरात हाकेला एवढे दोन शब्द पुरत होते.

कलावती जाताना अंथरुणावर म्हणाली होती, “आता हाक कोन घालील गो त्याला?”

“पोराला धाडीन मी,” शेवंती म्हणाली होती. आणि तसंच केलं. छोटा जयेश धावत काठावर जाई आणि ओरडे, बाबाऽ, भात निवलाऽ. नाथा येई. पण होडी पहिल्यासारखी झटकन वळत नसे. हे शेवंतीनं पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

*

त्यांचं टेबल डेकच्या पार टोकाला होतं. तिन्ही अंगांना पाणी. नाथाला पाण्याकडं तोंड करून बसवलं. ऊन उतरत होतं, पुलावरून गाड्या पळत होत्या आणि पुलाच्या खांबांमधून ओहोटीचं पाणी मचूळ, शांत, उलटं जात होतं. नाथाचे हात मांडीवर हलत होते. आधी पुढं, मग आपल्याकडं. वल्ही ओढत होता तो. होडी दुपारी इथंच असायची, नेमकी या जागी, काठापासून एक हाक लांब.

बशा आल्या. चौकोनी बशी, तिच्या मध्यावर तीन कोळंब्या, त्यांच्यावर एक फूल.

“फूल खायचं का काढायचं?” जयेशनं विचारलं.

“खायचं,” हेमाली म्हणाली.

“नक्की? नाहीतर देवाला वाहू.”

“जयेश, गप्प बस आणि बाबांना विचार.”

जयेशनं एक कोळंबी सोलून वडिलांच्या ओठाशी नेली. “बाबा, बघा, कोळंबी. तुमच्या खाडीची.” नाथानं मान फिरवली. ती खाडीची नव्हतीच म्हणा. पण म्हणून मान फिरवली नव्हती.

मग भात आला. वाटीत दाबून उपडा केलेला, गोल घुमटासारखा, वर एक पान. शेवंतीनं टेबलाखालून डबा काढला आणि पदराच्या आडोशानं कालवण त्यावर ओतलं. कोकमाचा वास गवती चहाच्या धुरातून आरपार गेला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. नाथाच्या नाकपुड्या हलल्या, तेवढंच. घास पुढं केला तर ओठ मिटले.

शेवंतीनं जयेशच्या कानाशी तोंड नेलं. “तू त्यांना नावानं हाक मार.”

“नावानं? बाबांना?”

“मार. मघाशी त्या पोरीनं नाव घेतला तवा उठले. तुजी आजी जशी घालायची तशी.”

जयेशनं आजूबाजूला पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. गोडाऊनमध्ये पन्नास माणसांवर ओरडणारा सुपरवायझर तो, पण बापाचं नाव त्यानं कुजबुजून घेतलं. “नाथा,” तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, “ए नाथा.”

नाथानं त्याच्याकडं पाहिलं. “कोन तुमी, शेट? पलीकडं जायचाय? थांबा जरा. जेवून येतो.”

“मग जेवा ना बाबा,” जयेशचा आवाज फाटला. “जेवा ना.”

“हाक नाय आयली.”

हेमाली इतका वेळ सासूकडं बघत होती. ठाण्याची मुलगी, खोपटला वाढलेली, स्पष्ट बोलायची सवय. “आई, तुम्ही मारा ना हाक. त्यांना बाईचा आवाज पाहिजे असेल. मी मारली असती, पण तुमच्या भाषेतलं ते मला येणार नाही.”

“मना नाय जमत.”

“नाव घ्यायचं म्हणून? अहो, मी जयेशला दिवसातून शंभर वेळा नावानं हाक मारते.”

“त्यातल्या नव्वद वेळा रागानं,” जयेश डोळे पुसत म्हणाला.

“तरी आहे ना जिवंत?” हेमाली म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच कसंतरी झालं. “सॉरी आई. तसं नाही म्हणायचं मला.”

शेवंतीनं तिच्या हातावर हात ठेवला. पोरीची चूक नव्हती. पाण्याची भीती शेवंतीला अजून होती, नाही कशी. पण ज्या माणसाला पाण्यानं न्यायचं तो घरात बसून भुकेनं चालला होता, तेव्हा त्या भीतीत आता दम उरला नव्हता. थांबवत होतं ते दुसरंच. ते हेमालीला कसं सांगावं?

मघाशी दारात नाथा ‘आयलो’ म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. आईच्या पोरासारखा. शेवंतीनं त्या सुरात हाक घातली तर तो वळेल, येईल, जेवेलही. पण येईल तो आईकडं येईल. इतके दिवस तिला निदान एवढं होतं, की तो तिला कुणीच समजत नव्हता. कुणीच नाही, त्या रिकाम्या जागेत कधीतरी, एखाद्या सकाळी, बायको परत येऊन बसू शकत होती. रोज उठून ती त्याच्या डोळ्यांत बघायची, आज आहे का मी. तिथं एकदा आई येऊन बसली की जागा भरली. मग त्या डोळ्यांत तिला रोज कलावती दिसणार, मरेपर्यंत, आणि स्वतः कुठंच नाही. नवरा जिवंत असताना नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि त्याच श्वासात त्याची बायको पुसून टाकायची, हे एका बाईनं कुठल्या तोंडानं करावं?

कनातीखाली दिवे लागले. तिन्हीसांज झाली होती. रुपाली टेबलाशी आली, वाकून, हळू आवाजात म्हणाली, “काका जेवले नाहीत का? घेऊन जाऊ प्लेट? गरम करून आणू?”

जयेशनं बापाच्या हातांकडं पाहिलं. ते अजून वल्ही ओढत होते, पुढं, आपल्याकडं, पुढं, आपल्याकडं.

“राहू दे,” तो म्हणाला. “घेऊन जा. उद्या बघू.”

उद्या म्हणजे सोमवार. रुपालीनं ताटलीला हात लावला.

“थांब गो,” शेवंती म्हणाली.

तिनं ताटली उचलली. चपला टेबलाखालीच राहिल्या. उभी राहिली, आणि आली होती त्या वाटेनं, टेबलांमधून, फवाऱ्याच्या पंख्यांखालून, काठाकडं चालायला लागली.

“आई, कुठे चाललात?” हेमाली उठली.

“बस तू. कुनी येऊ नका माज्या मागं.”

*

डेक संपतो तिथं काठ सुरू होतो. कलावतीचा दगड तिथं नव्हता. त्या जागी मोठी कुंडी होती, कुंडीत चाफा, आणि पलीकडं गाड्या आणून लावणाऱ्या माणसांची वर्दळ. शेवंती कुंडीशी उभी राहिली. पायाखाली फरशी होती पण फरशीखाली काय आहे ते पायांना माहीत होतं. पाण्याच्या अंगानं, दूर टोकाला, दिव्यांच्या माळेखाली नाथाची पाठ दिसत होती. एक हाक लांब.

तिनं ताटली कुंडीच्या कठड्यावर ठेवली. हात तोंडाशी धरला.

“ये रे बालाऽऽ... भात निवलाऽऽ...”

आवाज थरथरला, पण गेला. डेकवरची माणसं चमच्यांसकट थांबली. नाथाचे हात थांबले. डोकं वर झालं. पण तो वळला नाही. जत्रेत चुकलेलं पोर आपल्या आईसारखा आवाज ऐकून जसं थांबतं, हा आपलाच की दुसऱ्या कुणाचा, तसा तो थांबून राहिला. हाकेचा पहिला तुकडा नव्हता ना. नाव नसलेली हाक ती. काठावरून अशा किती जातात.

काळा कोट घातलेला एक मॅनेजर लगबगीनं आला. “मॅडम, प्लीज, गेस्ट आहेत...” रुपालीनं मागून येऊन त्याचा दंड धरला आणि त्याला काही न सांगता तसाच धरून ठेवला.

शेवंतीनं पाण्याकडं पाहिलं. ओहोटी पूर्ण उतरली होती. पाणी कान देऊन निजलं होतं. ऐक, ती मनात म्हणाली. ऐक आणि पाठ कर. आता मी तुला भीत नाही. तुझ्याआधी त्याला घरी मीच बोलावते.

“नाथाऽऽऽ...”

कलावतीचा आवाज नव्हता तो. घोगरा होता, मध्येच तुटला. एवढ्या वर्षांचं झाकलेलं भांडं उघडावं तसा आधी नुसता गंज आला, मग आतलं आलं.

“नाथाऽऽ... ये रे बालाऽऽ... भात निवलाऽऽ...”

तो वळला.

“आयलो गोऽ, आयेऽ,” पाण्यावरून उत्तर आलं, भरल्या छातीचं, तरण्या गड्याचं.

त्यानं दोन्ही हात आत ओढून घेतले, वल्ही होडीत घेतात तसे. उठला. जयेश धरायला धावला तर त्याला म्हणाला, “शेट, बसा जरा, जेवून आयलोच.” मग वाकून चपला काढल्या, एका हातात धरल्या, दुसऱ्या हातानं लेंगा गुडघ्यांपर्यंत वर घेतला, आणि होडीतून चिखलात उतरताना टाकावं तसं पहिलं पाऊल जपून टाकलं. लोकांनी खुर्च्या मागं घेतल्या. त्या चकचकीत लाकडावरून, काचेच्या पेल्यांमधून, पाय उचलून उचलून टाकत तो आला. शेवंतीला वाटलं, पळून जावं. ती जागची हलली नाही.

कुंडीजवळ येऊन त्यानं चपला नीट बाजूला ठेवल्या आणि मांडी घालून खाली बसला. तिनं ताटली समोर ठेवली. त्यानं पान उचलून टाकलं, भात कालवला, वास घेतला.

“निवट्या?”

“हां रे.”

“आनि निवला कुठं गो? ऊन हाय की अजून.”

खरं तर आता तो गार झाला होता. “खरा बोलला की तू सावकाश येतोस,” शेवंती म्हणाली.

तो हसला. आणि जेवायला लागला. पहिला घास, दुसरा, मोठे मोठे, बोटांतून कालवण मनगटाकडं वाहत होतं. लांबून जयेश बघत होता. हेमालीनं तोंडावर ओढणी धरली होती. गाड्या आणणारी माणसं चाव्या हातात घेऊन उभी होती आणि कुणी हलत नव्हतं. शेवंती त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, कलावती बसायची तशी, गुडघ्यावर कोपर आणि हनुवटीला हात. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि तिथं तिला सासू दिसत होती. ठीक आहे, तिनं स्वतःला सांगितलं. जेवतोय ना. ताट माझं होतं, आता हाकही माझी. मधोमध बसलाय ना तो.

अर्धी ताटली संपली. नाथाचा हात मध्येच थांबला. त्यानं मान वळवून मागं पाहिलं, मग उजवीकडं, जणू घराच्या दाराआड कुणी उभं आहे का ते बघत होता. मग आईकडं बघायचं टाळून, ताटातल्या भाताला बोटानं आळं करत, लाजत, अगदी हळू आवाजात, आजवर कधीच कुणासमोर न घेतलेलं नाव घेऊन त्यानं विचारलं:

“आये, शेवंती जेवली का गो?”